दीड रिंग

१

शुक्रवारी दुपारी आमच्या घरात मिक्सर लावत नाहीत. जुम्म्याची नमाज सुटल्यापासून असरची, म्हणजे दुपार कलतानाची, बांग होईपर्यंत टीव्ही बंद, पंखा एकवर, आणि बोलायचंच असेल तर मागच्या पडवीत जाऊन बोलायचं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच घरांत असं असतं. मैत्रिणींकडे जायला लागले तेव्हा कळलं की हा धर्म नव्हे, हा आमचा टेलिफोन.

अब्बा बोटीवर इंजिनरूममध्ये होते. बोट कुठल्याही बंदराला लागली की पुढच्या शुक्रवारी दुपारी ते घरी रिंग द्यायचे. फोन नाही, नुसती रिंग. आमच्या खाडीकाठच्या गावात बोटीवरची आणि आखातातली माणसं घरोघरी, आणि परदेशातून बोलणं भलतंच महाग. म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. आमची खूण दीड रिंग. दीड झाली आणि थांबली, म्हणजे पोचलो, खुशाल आहे. उचलायचं नाही. पुढची रिंग वाजली तरच उचलायचं, कारण मग सांगण्यासारखं काहीतरी आहे.

दीड का, तर आमच्या गावच्या एक्सचेंजमुळे. शाळेमागच्या खोलीतलं ते कपाटाएवढं यंत्र सगळ्या गावाला एकाच ठेक्यात रिंग पुरवायचं. बाहेरचा कॉल नेहमी त्या ठेक्याच्या मध्येच घुसायचा, त्यामुळे पहिली रिंग अर्धीच यायची. गावातल्या गावात कोणी फोन केला तर पहिली रिंग पूर्ण. ती अर्धी रिंग ऐकली की अम्मी हातातलं काम टाकून जागच्या जागी उभी राहायची. दुसरी वाजून थांबली की "अल्हम्दुलिल्लाह" म्हणून पुन्हा कामाला लागायची. एवढाच यांचा संसार, असं माझा धाकटा भाऊ फैझान चिडवायचा.

मी कॉलेजात असताना अब्बांची बोट एका बंदरातून निघाली आणि दुसऱ्या बंदराला लागली नाही. कंपनीनं कळवलं, मशिदीत मयत समोर नसतानाचा, गायबाना जनाजा झाला. अम्मी विधवेनं पाळायच्या इद्दतीला बसली नाही. "रिंग आली नाय ना अजून," एवढंच म्हणाली. पुढे मोबाईल आले, एक्सचेंज बंद झालं, खांबांवरच्या तारा लोकांनी कपडे वाळत घालायला नेल्या. आमचा लाल डायलचा फोन मात्र अजून त्याच कोनाड्यात आहे, वर क्रोशाचं झाकण. आणि शुक्रवारी दुपारी मिक्सर अजून बंद.

२

यंदा पावसाळा संपता संपता अम्मीच्या हृदयाची एक झडप निकामी होत चालल्याचं निघालं. रत्नागिरीचे डॉक्टर म्हणाले, मुंबईला न्या, ऑपरेशन करा, दिवाळीनंतरवर ढकलू नका.

अम्मी ऐकेना. "घराला कुलूप लावून मी कुठं नाय जात. ते आले नि दाराला कुलूप दिसला तर?"

"मग मी राहते घरी," मी म्हटलं. रत्नागिरीत मांडवीला माझं भाड्याचं घर आहे, पुण्याच्या एका टेलिकॉम कंपनीचं काम मी तिथूनच करते. दहा दिवस गावी बसून केलं असतं तर कोणाच्या बापाचं काय गेलं असतं?

"तू? तुला रिंग कळते काय? तू पहिल्या रिंगेला उचलशील."

मी खरंच पहिल्या रिंगेला उचलते.

फैझान मुंबईहून फोनवर म्हणाला, झोपेची गोळी देऊ आणि गाडीत घालू. तो असंच बोलतो. मग मी ठरवलं. अम्मीला रिंग हवी आहे ना, तर रिंग द्यायची. होय, खोटी. आईला फसवायचं, आणि तिचा जीव वाचवायचा. मला त्यात लाज वाटली नाही, अजूनही वाटत नाही.

जुन्या फोनला घंटा वाजवणारा एक छोटा डबा बाजारात मिळतो. मी तो आणला, फोनला जोडला, अर्धी आणि एक असा ठेका त्यात भरला आणि शुक्रवारी वाजवला. अम्मी सुरमईच्या तुकड्यांना मसाला लावत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"तुझा डबा वाजतोय बग," म्हणाली. "आपली रिंग अशी फाटक्या आवाजाची नाय."

मी चिडले, आणि मग मला कौतुक वाटलं. मी वीस वर्षं या धंद्यात आहे आणि माझ्या आईचा कान माझ्या यंत्रांपेक्षा तयार. तर मग खरंच एक्सचेंज चालू करायचं. त्याशिवाय गत्यंतर नाही.

३

ते कपाट शाळेमागच्या खोलीत अजून होतं. पंचायत तिथे मंडपाचे बांबू ठेवते. सरपंचांना विचारलं तर म्हणाले, घेऊन जा, बांबूला जागा होईल. टेम्पोत घालून ते मी आमच्या घराच्या मागच्या खोलीत आणलं. अम्मीला सांगितलं, ऑफिसचं काम आहे. आमच्या घरात ऑफिसचं काम म्हटलं की कोणी काही विचारत नाही.

वीज द्यायला बॅटऱ्या हव्या होत्या, त्या मिरकरवाड्यातल्या एका ट्रॉलरच्या मेकॅनिककडून आणल्या. पत्रे पुसले, कॉन्टॅक्ट घासले. बटण लावलं तर पंखा फिरला, दिवे लागले आणि पुढे काही नाही. प्रोग्रॅम ज्या चिपांत असतो त्यांच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी असते. तिच्यावरची चिकटपट्टी गळून पडली होती आणि इतक्या वर्षांच्या उन्हानं आतला प्रोग्रॅम पुसून टाकला होता. यंत्र धडधाकट, पण त्याला काय करायचं तेच आठवत नव्हतं.

हे एक्सचेंज शेवटपर्यंत सांभाळणारे विनीतकाका निवृत्त होऊन हेदवीला राहतात. त्यांना फोन केला. ते इतके खूश झाले की बराच वेळ नुसते हसतच होते. "अगो, मूळ प्रोग्रॅम आहे माझ्याकडे. फ्लॉपीवर. पण तो चिलमध्ये लिहिलेला. त्याचा कंपायलर कुठून आणशील?"

चिल ही भाषा टेलिफोन एक्सचेंजसाठीच घडवलेली. तीत कॉल म्हणजे एक जिवंत गोष्ट असते. रिंग सुरू झाली की तो जन्मतो, वाट बघतो, बोलतो, आणि रिसीव्हर खाली ठेवला की मरतो. मला ती भाषा पाहताक्षणी आवडली. पण माणसानं लिहिलेली भाषा यंत्राला कळत नाही, मध्ये दुभाष्या लागतो. तो दुभाष्या म्हणजे कंपायलर, आणि चिलचे दुभाषे जगातून संपत आले आहेत.

मी झपाटल्यासारखी शोधत सुटले. कंपायलरांच्या एका नावाजलेल्या फुकट संचात एकेकाळी चिलही होती, पुढे सांभाळायला कोणी उरलं नाही म्हणून काढून टाकली. तिची जुनी प्रत मिळाली, तर आमच्या यंत्राचा प्रोसेसर तिला ठाऊक नव्हता. एका परदेशी प्राध्यापकानं कळवलं, आम्ही गेल्याच वर्षी त्याच्या टेप कचऱ्यात टाकल्या. एका चर्चामंडळावर कोणीतरी विचारलं, बाई, आपण कोणत्या सालात राहता? मी जेवण विसरत होते, ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून जुन्या वेबसाइट चाळत होते. खरं सांगायचं तर मधूनमधून अम्मीचं ऑपरेशनसुद्धा विसरत होते. इतकी मजा मला बऱ्याच वर्षांत आली नव्हती.

आणि एका सकाळी विनीतकाकांचा फोन. त्यांची सून मृणाली दिवाळीची साफसफाई करत होती. माळ्यावर, आंब्याच्या रिकाम्या पेट्यांमागे, काकांचा कामावरचा जुना कॉम्प्युटर निघाला. "चालू झाला गो," काका म्हणाले. "आणि आत आहे. कंपायलर आहे."

४

जयगडला फेरीबोटीत स्कूटर चढवली, तवसाळला उतरले आणि हेदवीपर्यंत गाणी म्हणत गेले. काकांनी कॉम्प्युटर ओटीवर मांडून ठेवला होता आणि स्वतः इस्त्रीचा सदरा घालून बसले होते.

"आधी चहा की आधी कंपायलर?"

"कंपायलर," मी म्हटलं, आणि दोघंही लहान पोरांसारखी पडद्यासमोर बसलो.

फ्लॉपी घरघरत वाचली गेली. काकांनी आज्ञा टाईप केली. पडद्यावर ओळी सरकायला लागल्या, एकेक भाग पार होत गेला. शेवटी काम पुरं झालं. चुका शून्य. मी उठून काकांना मिठीच मारली. बिचारे इतके गोंधळले की त्यांचा चष्मा पडला.

"एक वॉर्निंग आहे," चष्मा उचलून काका म्हणाले.

वॉर्निंग होती, एकच. बाहेरून येणाऱ्या कॉलच्या भागात. कंपायलरचं म्हणणं असं की हा कॉल सुरू होतो, पण त्याच्या शेवटाला पोचायची वाट दिसत नाही.

आता ज्यांनी या धंद्यात पोट भरलंय त्यांना विचारा. एरर आली तर आम्ही जेवत नाही, आणि वॉर्निंग आली तर तिच्याकडे बघतही नाही. चालतंय ना, मग हात लावू नकोस, हा आमचा कलमा. "जुना कोड आहे काका, कंपायलर कुरकुरणारच," मी म्हटलं.

"पूर्वी नव्हती गो ही," काका म्हणाले. "मीच तर करायचो हे सगळं. ही पूर्वी कधी आली नाही."

मृणालीनं चहा आणला आणि तो विषय तिथेच राहिला.

५

चिपा भरून झाल्या, खिडक्यांवर हापूसच्या पेटीवरची लेबलं चिकटवली, आणि गुरुवारी सकाळी एक्सचेंज उठलं. आतून रिंगचा ठेका ऐकू यायला लागला, बारीक, नियमित, टक् आणि मग लांब शांतता. माझ्या अंगावर काटा आला, आनंदाचा. गावातला एक आवाज मी परत आणला होता.

लॅपटॉप जोडून मी सगळ्या लाइनींची स्थिती मागवली. कपाटाला अजून एकही तार जोडलेली नव्हती. सगळ्या लाइनी रिकाम्या दिसायला हव्यात, आणि तशा दिसल्या. एक सोडून. ती व्यस्त होती. बाहेरून आलेला कॉल, घंटा चालू, पुढच्या ठेक्याची वाट बघतोय.

नंबर आमच्या घराचा होता.

मला भुताखेतांचं भय नाही. प्रोग्रॅमरला भय असतं ते न पुसलेल्या मेमरीचं. सुरुवातीला मेमरी कोरी केली नाही की तिच्यात काहीही कचरा असतो, आणि कचरा कधीकधी कॉलसारखा दिसतो. मी आज्ञा देऊन तो कॉल संपवला. लाइन रिकामी झाली. पाणी पिऊन आले तर पुन्हा व्यस्त. यंत्र बंद करून, बॅटऱ्या काढून, अर्धा तास थांबून पुन्हा लावलं. तरीही ती लाइन व्यस्तच.

विनीतकाकांना फोन केला. मी हसत हसतच सांगत होते. पलीकडे ते हसले नाहीत.

"एक्सचेंज बंद करायला मीच आलो होतो," ते म्हणाले. "आमची एक रीत असते अलफिया. चालू कॉलवर पॉवर काढायची नाही. कोणाचं शेवटचं बोलणं चाललं असेल, सांगता येतं? सगळ्या लाइनी रिकाम्या होईपर्यंत थांबायचं. त्या दिवशी सगळ्या झाल्या, एक होईना. दिवसभर बसलो. मग वरून फोन आला, किती वेळ लावता. शेवटी हात जोडले आणि काढली."

"कोणाची लाइन होती?"

"तुमची. आणि तुमच्या घरची तार मी स्वतः त्याच्या आदल्या दिवशी कापली होती."

मी म्हटलं, तेव्हाही मेमरीतच कचरा असणार, आणि मूळ प्रोग्रॅममध्येच तो दोष असणार. "जप गो," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला त्यांचा जरा रागच आला. माणूस जिंकत असताना कोणी असा रडका सूर लावू नये.

६

शुक्रवार उजाडला. फैझान रात्रभर गाडी चालवून आला होता. आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून त्यानं ती मशिदीच्या कोपऱ्यावर लावली. तिथून आमचं फाटक समोर दिसतं. ठरलं होतं असं: मी मागच्या खोलीतून रिंग देणार, अम्मी मानणार, आणि मत फिरायच्या आत आम्ही निघणार. अम्मीची बॅग मी गुपचूप भरून ठेवली होती.

फोनची तार मी पहाटेच पलंगाखालून कपाटापर्यंत ओढली होती. माझ्या लॅपटॉपवरची एक कळ दाबली की एक्सचेंजला वाटणार, बाहेरून कॉल आला. दीड रिंग झाली की ती आपोआप कापली जाणार.

जुम्म्याची नमाज सुटली. गल्लीतून माणसं घराकडे गेली, चपलांचे आवाज विरले. अम्मी पुढच्या खोलीत जमिनीवर बसून कोकमं निवडत होती. घर नेहमीसारखं गप्प झालं. असरची वेळ जवळ येईपर्यंत मी थांबले, मग मागच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसून कळीवर बोट धरलं. मला हसू येत होतं.

तेवढ्यात रिंग वाजली. अर्धी.

ती मी लहानपणापासून ओळखते. अम्मीच्या हातातली परात फरशीवर टेकल्याचा आवाज आला. मग दुसरी रिंग, पूर्ण, आणि शांतता.

मी माझ्या बोटाकडे पाहिलं. ते कळीच्या वर होतं, कळीला टेकलेलं नव्हतं. लागलं असेल चुकून, मी मनाशी म्हटलं.

पुढच्या खोलीतून अम्मीचा आवाज आला. "अल्हम्दुलिल्लाह." मग ती रडायला लागली. इतक्या वर्षांत ती एकदाही रडली नव्हती, जनाज्याच्या दिवशीसुद्धा नाही. मी धावत गेले. ती भिंतीला धरून उभी होती आणि तिचा चेहरा एकदम तरुण दिसत होता.

"पोचले," ती म्हणाली. "चल. कुठं न्यायचा तिकडं ने मला."

मी तिला घट्ट धरलं. मला नाचावंसं वाटत होतं. दारातून फैझानला हात केला, त्यानं येऊन बॅग उचलली आणि गाडीकडे नेली. अम्मीनं बुरखा चढवला, कुलूप हातात घेतलं.

आणि फोन पुन्हा वाजला. दीडच्या पुढची रिंग. उचलायची रिंग.

७

"अम्मी, नको," मी म्हटलं. पण तिला अडवायला मी कोण? नियम तिचा होता. तिनं क्रोशाचं झाकण बाजूला केलं, रिसीव्हर कानाला लावला आणि म्हणाली, "बोला."

मी मागच्या खोलीत पळाले. लॅपटॉपवर ती लाइन आता वाट बघत नव्हती. कॉल जोडला गेला होता, संभाषण चालू. एक्सचेंजला तपासणीचा एक रिसीव्हर असतो, त्यातून कुठलीही लाइन ऐकता येते. मी तो कानाला लावला.

बोलणं नव्हतं. इंजिनची धडधड होती, आणि पाणी. लांबून, जाड भिंतीआडून यावं तशी. लाइनवरचा खरखराट असेल, जुनी तार आहे, मी म्हटलं. मग इंजिन थांबलं. पाणी जवळ आलं, लहान झालं, धक्क्यावर आपटावं तसं. आमच्या खाडीच्या धक्क्याला पाणी अशीच चापट मारतं.

अम्मी बोलत होती. तिचा आवाज मला दोनदा ऐकू येत होता, पुढच्या खोलीतून आणि रिसीव्हरमधून.

"हो, इथंच हाय मी... नाय, घराचा रंग बदललाय, आता हिरवा हाय... धक्क्यावरून सरळ वर या. वाटेत शेट्यांचा माड होता तो पडला."

रिसीव्हरमध्ये चालण्याचा आवाज. ओली पावलं, चिऱ्याच्या पायऱ्यांवर.

"मशिदीवरून डावीकडं," अम्मी म्हणाली.

मग रिसीव्हरमध्ये कोणीतरी दोनदा खोकलं. तो खोकला अख्खा गाव ओळखतो. यासीनचाचा असरची बांग द्यायच्या आधी भोंग्यावर असेच दोनदा खोकतात. त्यांची बांगही सुरू झाली, रिसीव्हरमध्ये. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर मशिदीचा भोंगा गप्प होता. कावळे ओरडत होते, बाकी काही नाही.

रिसीव्हरमध्ये बांग संपली. पावलं पुन्हा सुरू झाली. जवळ आली. मग लोखंडी कडी सरकल्याचा आवाज झाला, अर्ध्यावर अडकून मग खाडकन सुटल्याचा. आमच्या फाटकाची कडी अशीच अडकते.

मी बॅटरीची तार ओढून काढली. दोन्ही हातांनी ओढली. चालू कॉलवर पॉवर काढायची नाही, हे त्या क्षणीही मला आठवत होतं, आणि मी काढली. दिवे गेले, ठेका थांबला, रिसीव्हर मुका झाला. घरात एकदम इतकी शांतता झाली की मला माझा श्वास ऐकू आला.

आणि मग बाहेर, मशिदीच्या भोंग्यावर, यासीनचाचा दोनदा खोकले.

मी पूर्ण बांग उभ्यानं ऐकली. पुढे काय ऐकू येणार ते मला माहीत होतं, कारण ते मी आधीच ऐकलं होतं. बांग संपली. फाटकाची कडी अर्ध्यावर अडकली आणि खाडकन सुटली.

८

"ठेवला त्यांनी," पुढच्या खोलीतून अम्मी म्हणाली. आवाज अगदी रोजचा. "दारात आल्यावर फोन कशाला?"

मी बाहेर यायला निघाले आणि मधल्या दाराच्या अलीकडेच थांबले. त्या दाराला पडदा आहे, फरशीपासून गुडघाभर उंच. पडद्याखाली पलीकडची फरशी दिसते. फरशीवर टाचा होत्या. फुगलेल्या, पांढऱ्या पडलेल्या, पाण्यात फार वेळ राहिलेल्या. त्या माझ्याकडे येत नव्हत्या, अब्बांच्या खोलीकडे जात होत्या. एक उचलली गेली, मग दुसरी. मी डोळे मिटले. किती वेळ मिटले ते सांगता येणार नाही. उघडले तेव्हा फरशी होती आणि फरशीवर थोडं पाणी होतं.

पडदा सारून मी अम्मीजवळ गेले. तिनं प्यालाभर पाणी आणि गुळाचा खडा ताटलीत घालून कोनाड्याशी ठेवला होता, उन्हातून आलेल्या माणसाला देतात तसा.

"चल," ती म्हणाली. "उशीर कशाला?"

तिचा हात धरून मी तिला बाहेर आणलं. तिनं दार नुसतं ओढून घेतलं. कुलूप तिच्या हातातच होतं.

"अम्मी, कुलूप."

"घरात माणूस असताना बाहेरून कुलूप लावतात काय?" अम्मी म्हणाली, आणि माझ्यापुढे चालायला लागली.

गाडीपाशी फैझान उभा होता. मी त्याला विचारलं, गल्लीतून आत्ता कोण गेलं. "कोण नाय," तो म्हणाला. "मी फाटकाकडंच बघत होतो." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "तू एवढी थरथरतेस कशाला? जिंकलीस ना?"

९

ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर उशीर झाला असता तर त्यांना हात टेकावे लागले असते. म्हणजे मी खरंच जिंकले. अम्मीच्या गालांवर रंग आला आहे, ती नर्सना कोकम सरबताची कृती सांगते, फैझानच्या बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवते. तिला असं बघून मी दिवसातून दहादा खूश होते. मग मला ती फरशी आठवते.

विनीतकाकांना मी सगळं सांगितलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "पॉवर काढलीस तेव्हा कॉल चालू होता?" मी हो म्हटलं. "मग तो संपला नाही गो," ते म्हणाले. कंपायलरनं हेच सांगितलं होतं, आणि मी चहा पीत बसले होते.

आज डॉक्टर म्हणाले, अम्मीला घरी न्यायला आता हरकत नाही. उद्या पहाटे आम्ही दोघी निघू. मी बॅग भरत असताना तिनं मला जवळ बोलावलं.

"आपण येतोय म्हणून घरी रिंग दे. मोबाईलवरून लागेल ना?"

"अम्मी, तो नंबर बंद आहे. कधीचाच."

"दे तरी. दीडच दे. जास्त दिलीस तर उचलतील ते, उगाच काळजी करतील."

मी नंबर लावला. कपाटाची बॅटरी मी माझ्या हातानं काढली आहे, तारा खांबांवरून गेल्या आहेत. मला ती नेहमीची बाई ऐकायची होती, हा क्रमांक अस्तित्वात नाही म्हणणारी. अम्मीलाही ऐकवावी म्हणून मी स्पीकर लावला.

रिंग वाजली. अर्धी. इतकी अचूक अर्धी की या अवस्थेतही मला पहिल्यांदा अभिमानच वाटला. मग एक पूर्ण वाजली, आणि पुढची वाजायच्या आत मी फोन कापला.

"बरा झाला," अम्मी म्हणाली. "त्यांना कळला." उशी सारखी करून ती आडवी झाली. "उद्या गेल्या गेल्या भात टाक. तिघांचा टाक."